हातचा एक

मंगळवार, अर्विंग

आज इथल्या अमेरिकन शाळेत दुसरीच्या वर्गात मी पहिल्यांदा एकटीने गणित घेतलं. माझ्या मेंटर टीचर मागे बसून बघत होत्या. अठ्ठावीस अधिक पंधरा. आठ नि पाच तेरा, खाली तीन लिहिले आणि तोंडातून निघून गेलं, "हातचा एक." म्हणायचं होतं रीग्रुप, इथे हातच्याला तेच म्हणतात. घरी इतकी प्रॅक्टिस केली होती, तरी.

पुढच्या बाकावरच्या एमाने विचारलं, "व्हॉट्स हातचा?" मी म्हटलं, हातात धरून ठेवायचा एक.

कोल्हापूरच्या शाळेत आमच्या बाई बेरीज शिकवताना स्वतः आमची मूठ मिटायच्या. "सांडू नको गं." तो एक खरंच तळहातात आहे असं वाटायचं. किती वर्षांनी आठवल्या बाई.

तासानंतर मेंटर एवढंच म्हणाल्या, दोन शब्दांनी मुलं कन्फ्यूज होतात. बरोबरच आहे. उद्यापासून फक्त रीग्रुप.

पण शाळा सुटताना एमा बसच्या रांगेत उभी होती, उजवी मूठ घट्ट मिटलेली. डाव्या हाताने बाय केलं. "आय स्टिल हॅव युअर वन."

मूठ उघड म्हणायला हवं होतं का? मी तसं म्हटलं नाही.

बाई, तुमचा एक अजून सांडलेला नाही.