शिंदखेड्यातील तीन घरे आणि एक वगळलेले नाव

मी, प्रेमराज अभिमन देसले, वय सत्तावन्न, अविवाहित, शिंदखेडा येथील वार्ताहर, आज हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या मते माझे डोके ठिकाणावर आहे. धाकटे बंधू ज्ञानेश्वर यांचे मत वेगळे आहे. खाली जे लिहिले आहे त्यानंतर ते बदलेल असे वाटत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. असता तर मी बातम्याही वेळेवर पाठवल्या असत्या.

१. आमच्या घराण्याची या गावात तीन घरे झाली. पहिले पणजोबा लोटन यांनी माळावर बांधले, तेव्हा शेजार म्हणून फक्त बाभळी होत्या. तिथे आज पिठाची गिरणी आहे. दुसरे, आजोबा आधार यांचे, गावातले धाब्याचे घर. तिसरे १९९६ सालचे, स्टेशन रस्त्यावरचे, ज्यात आम्ही राहतो. पैकी धाब्याचे घर वाटणीत माझ्याकडे आले. तिसऱ्यातला माझा अर्धा हिस्सा ज्ञानेश्वरला द्यावा. दोन दिवसांसाठी म्हणून नेलेला माझा टेबलफॅनही त्याचाच समजावा. अकरा वर्षे झाली.

२. पुस्तके, कोश व पंचांगे गावच्या वाचनालयास. स्कूटर जो सुरू करून दाखवील त्यास.

३. आता मुख्य कलम. घर बदलताना आमच्यात नावे पुकारण्याची रीत आहे. सामान हलले की कर्ता माणूस रिकाम्या घराच्या दारात उभा राहून एकेकाला हाक मारतो, जिवंत व मेलेले दोन्ही: "लोटन आबा, चाला. रुक्माबाई, चाल." जिवंत माणूस स्वतः "उनू" म्हणतो, म्हणजे आलो. मेलेल्याच्या वतीने घरातले कोणी म्हणते. मग दार लावायचे. ज्याचे नाव राहिले तो मागे राहिला.

१९९६ साली धाब्याचे घर सोडताना वडिलांचा आवाज बसला होता म्हणून यादी माझ्या हाती आली. मी पुण्याहून संस्कृतात एम.ए. होऊन नुकताच परतलो होतो. यादी वाचण्याऐवजी मी ती तपासली. तीत वडिलांची बहीण बेबाबाई यांचे नाव होते. आत्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासरहून परत आल्या, अडतीस वर्षे याच घराची चूल सांभाळली आणि चुलीपाशीच गेल्या. मी नाव खोडले.

आई, कमलबाई, म्हणाली, "अरे, ती आठेच राहे ना! मरनी बी आठेच." आठे म्हणजे इथे.

"आई, लग्न झालेल्या मुलीचं गोत्र सासरचं. तिला तिकडचे बोलावतील."

"जित्ती व्हती तवय तिले कोनी बलाव नही, आते बलावतीन का?"

यावर मी एक श्लोक म्हटला. श्लोक बरोबर होता. दार मी लावले.

४. त्या घरात पहिले भाडेकरू आले ते कोल्हापूरकडचे, बँकेतले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला विचारले, "देसले सर, तुमच्याकडे 'बठ्ठा' म्हणजे काय हो?"

"सगळे."

"आणि 'गयात'?"

"गेले."

"मग रोज दुपारी साडेतीनला आमच्या स्वयंपाकघरात 'बठ्ठा गयात का?' असं कोण विचारतं?"

महिनाअखेर त्यांनी घर सोडले. पुढे नांदेडच्या एक नर्स आल्या. त्यांनी तेच शब्द, तीच वेळ सांगितली. दोघांची कधी भेट झालेली नव्हती, हे मी बातमीदाराच्या चोखपणाने पडताळले. मग मी स्वतः दुपारचा जाऊन बसलो. विचारण्यात राग नव्हता. भांडी आवरायला घ्यावीत की थांबावे, एवढेच जाणून घ्यायचे होते. मी दारात जाऊन आत्यांना हाक मारली, त्यांच्या वतीने "उनू"ही मीच म्हटले. दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा तेच. ज्याने नाव खोडले त्याचा शब्द तिथे चालत नसावा.

५. ज्ञानेश्वरची मुलगी हेमांगी दोन वर्षांपूर्वी जळगावहून, सासर सोडून आली. बापाचे रोजचे वाक्य, "किती दिवस? तुझं घर तिकडे आहे." मला म्हणतो, "भाऊ, पोरीला लाडावू नका. आणि ते जुनं घर पाडून दुकानं काढू." परवा हेमांगी मला म्हणाली, "नाना, मी नक्की कुठली?" मला श्लोक आठवला नाही. मी तिला धाब्याच्या घरी नेले. काही सांगितले नाही. ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. साडेतीनला तिच्या पाठीमागून प्रश्न आला.

हेमांगीने मागे वळूनही पाहिले नाही. म्हणाली, "नही आजी. मी शे ना आठे."

पुन्हा तोच आवाज, "मंग बस."

हेमांगी भिंतीला टेकून खाली बसली. माझ्यासाठी काही सांगणे आले नाही, म्हणून मी उभाच राहिलो.

६. सबब धाब्याचे घर, जागेसह, मी हेमांगी ज्ञानेश्वर देसले हिला पूर्ण मालकीने देत आहे. खरे तर ते बेबाबाईंच्या नावे करायचे होते, पण ॲड. सुयश बैसाणे म्हणाले, मेलेल्या माणसाला घर देता येत नाही. ज्ञानेश्वरचा वा इतर कोणाचा या घरावर हक्क नाही. हेमांगीला तिथून कोणी "तुझ्या घरी जा" म्हणू नये. ती घरीच आहे.

७. पुढे कधी हे घर सोडावे लागलेच, तर नावे हेमांगीने पुकारावीत. बेबाबाईंचे पहिले. माझे नाव पुकारू नये. सगळे निघाले की मागे कोणी राहिले का, हे बघायला एक माणूस लागतो. ते काम मी माझ्याकडे ठेवतो.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. या वेळी एकही नाव खोडलेले नाही.

शिंदखेडा, जि. धुळे
दि. १४ नोव्हेंबर २०२५

(सही) प्रेमराज अभिमन देसले

आमच्यासमक्ष सही केली:
१. (सही) चुडामण रतनसिंग गिरासे, शेजारी
२. (सही) डॉ. वृषाली अहिरे, शिंदखेडा