गोळीच्या खांद्यावरचं माप

आबा, सांगलीत एका लेथच्या शेडमध्ये बसून लिहितोय. बाहेरचा चहावाला चहात साखर लय घालतो, पण ते राहू दे. पुन्हा डमी काडतुसं करतोय म्हणून तुमची आठवण आली. भरतीच्या पोरांना रायफल भरायला शिकवायची तीच. आत दारू नाही, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी नाही, आणि कुणी खरी समजू नये म्हणून पितळी नळीला आडवं भोक. पलटणीत बंदुका दुरुस्त करणारे तुम्ही निवृत्त होऊन कोरेगावात आलात आणि गोळी नळीत दाबायचं यंत्र थेट स्वयंपाकघराच्या ओट्याला आवळलंत. आई म्हणाली, "आवं, पोळपाट आता डोक्यावर ठिवू का?"

मी तेव्हा बारावी अर्धी टाकून कुठं कुठं भटकून आलेलो. दुसऱ्या दिवशी भरती अकादमीच्या उस्तादाला काडतुसं दाखवायची होती. त्यांच्या निकामी केलेल्या कवायतीच्या रायफलीत एक जरी अडकलं तर काम दुसऱ्याला जाणार. तुमचा हात आखडला होता म्हणून यंत्राचं हँडल माझ्याकडं आलं, नाहीतर कुठलं यायला! मी गोळी बसवतोय, लांबी मोजायला व्हर्नियर लावतोय. आखूड भरली, गोळी किती खोल जाते ते ठरवणारा यंत्राचा स्क्रू सैल करतोय. पुढची लांब आली, आवळतोय. मधेच खिडकीतून उसाचा ट्रॅक्टर बघून येतोय. लांब झालेली काडतुसं मॅगझिनच्या, म्हणजे रायफलीच्या काडतुसपेटीच्या, तोंडालाच घासायला लागली.

"काय रं, रेडिओ लावतोयस व्हय, सारखं पिळाय?" तुम्ही मागं उभे.

"दर येळंला येगळंच भरतंय, आबा."

"टोकाला माप लावल्यावर भरणारच की! शिशाचं टोक डब्यात आपटून चेमटतं. नाक चेपलेला गडी बुटका हुतो व्हय? खांद्यावर माप घे."

तुम्ही एक पितळी कडी गोळीवर सरकवलीत. टोकाखाली गोळी फुगते तिथं ती बसली. यंत्रही गोळीला तिथंच रेटतं, म्हणून बुडापासून कडीपर्यंतचं माप खरं. त्या मापानं तुम्ही स्क्रू एकदाच लावलात आणि फर्मान सुटलं, "आता स्क्रूला हात लावलास तर बोटं मोडीन. हँडल तळापर्यंत, दर येळंला त्येवढ्याच जोरानं."

"भाकरी थापताना मी कवा माप लावलंय?" आई.

"तुज्या भाकरी मॅगझिनमदी जात न्हाईत."

"तुमच्या पोटात जात्यात की!"

चुकलेली सगळी उपसून पुन्हा बसवली. सकाळी उस्तादानं मॅगझिन भरलं आणि काडतूस आत ढकलणारा रायफलीचा बोल्ट मागं-पुढं करत राहिला. एकदा बोल्ट मधेच थबकला. तुम्ही मिशीला हात लावलात. गडी नीट पकड घेत होता फक्त. सगळी काडतुसं सुरळीत आत गेली, बाहेर पडली.

"लांबी लय सारखी आणलीत," उस्ताद म्हणाला.

"म्या न्हाई. पोरानं बसवल्यात," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडं न बघता चपला शोधायला लागलात.

पुढं आठवडाभर माझ्याकडून यंत्रच पुसून घेतलंत, ते वेगळं. आता तुम्ही नाही, हे पत्र टाकणार कुठं, खिशातच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दुपारच्या शिरवळच्या गाडीनं मी निघणार होतो, कपडे भरून झाले होते. पोट दुखतंय म्हणून राहिलो, असं आईला सांगितलं. पोट ठणठणीत होतं, आबा. तुम्ही ते 'पोरानं बसवल्यात' आणखी एकदा म्हणाल, असं वाटलं होतं.