काविळीची माळ

मामा,

तुमच्या नातीला घेऊन मी आणि हे सोलापूरला दवाखान्यात चाललोय. तुम्ही देवळातून यायची वाट बघितली असती तर तुम्ही जाऊच दिलं नसतं.

तुम्ही प्रियाच्या गळ्यात बांधलेली माळ बेंबीपर्यंत लांबली, तेव्हा तिची कावीळ उतरली म्हणून तुम्ही गल्लीभर सांगितलं. डोळे मात्र हळदीसारखेच राहिले. आज सकाळपासून पोर मला ओळखंना, नुसती बरळतीय. माळ कापून खुंटीला अडकवलीय. तिच्यातल्या ओल्या काड्या वाळल्या की दोरा सैल होतो आणि माळ लांबते, एवढं मलाही कळतं. तुम्हाला तर लई वर्षांपासून ठाऊक असणार.

पातेल्यात वरण आहे, भाकरी टोपल्यात. तुमची बीपीची गोळी फडताळात डॉक्टरांच्या चिठ्ठीखाली आहे. ती तुम्ही कधी चुकवत न्हाय म्हणा.

उद्या रविवार. लोहारा गावची ती बाई तिच्या लेकराला माळ बांधून घ्यायला येणार. खुशाल बांधा, मी अडवायला घरात न्हाय. फक्त दोरा हातात घ्यायच्या आधी तिला सांगा, तुमची स्वतःची नात कुठं आहे ते.

उमा