गाडीतल्या सूनबाईचा आग्रह

आदरणीय दादा,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल आणि मान दुखायची थांबली असेल असं धरून चालतो, कारण विचारायला फोन केला की तुमचा निरोप येतो, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.’ निरोप तुम्ही वाचता हे मात्र पक्कं ठाऊक आहे, म्हणून या वेळी लांबलचकच लिहून काढतोय.

इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या बहिणीची सर्दी गेली, तुमच्या आईंची साखर बेतात आहे. माझ्याच उजव्या पोटरीत गोळे येतात. डॉक्टरांनी विचारलं, काही जड काम करता का? आता नसलेला ब्रेक दिवसातून शंभरदा दाबतो हे त्यांना कसं सांगणार? ड्रायव्हिंगच्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. तुम्ही आईंना दिलेल्या गाडीत तो नाही. पायाला हे कोण समजावणार? समोर बस आली की तो आपला रबरी पायपुसणं दाबतो.

तर विषय गाडीचाच आहे. तुम्ही नवी घेतलीत आणि जुनी आईंना पाठवलीत, याबद्दल आमची काही तक्रार नाही. गाडी चांगली आहे. (ती घेऊन तुम्ही स्वतः याल असं वाटून आईंनी पलंगावरची चादर बदलली होती. गाडी ट्रकवर बसून आली. असो.) तुम्ही फोनवर म्हणाला होतात की तिच्यात रस्ता दाखवणारं यंत्र बसवलेलं आहे, आता आई कुठे अडकणार नाही. त्या यंत्राविषयी चार शब्द लिहायचे आहेत. चारात आवरणार नाही, तेव्हा पाणी घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे, त्याचा नकाशा केव्हाचा आहे कोण जाणे. नदीवर नवा पूल झाला त्याला बरीच वर्षं झाली, पण यंत्राला अजून पत्ता नाही. पुलावर चढलो की पडद्यावर आपली गाडी नदीच्या मधोमध निळ्या पाण्यात दिसते आणि आतली बाई शांतपणे म्हणते, शक्य असेल तिथे वळून मागे फिरा. पत्ता घालायचा तर एक चकती फिरवून एकेक अक्षर शोधायचं, आणि शेवटचं अक्षर चुकलं की पहिल्यापासून. पुन्हा गाडी उभी असल्याशिवाय ते पत्ता घेत नाही, आणि आमच्या रस्त्यावर गाडी उभी केली की मागचे लोक आपल्या सात पिढ्यांची चौकशी करतात. एवढं करून दातांच्या डॉक्टरांचा पत्ता घातला, तर त्याच नावाचा रस्ता भलत्याच शहरात शोधून काढला आणि निघा म्हणालं. फोनवरचा नकाशा लावून पाहिला. मग दोन बायका बोलायला लागल्या, एक डावीकडे म्हणते, दुसरी सरळ. गाडीतलीचा आवाज बंद केला, तर किल्ली फिरवताच ती पुन्हा हजर. शेवटी आईंनी फोनच पर्समध्ये टाकला. म्हणाल्या, तो परका आहे, ही आपल्या घरातली आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. आई त्या आवाजाला सूनबाई म्हणतात. (हे वहिनींना वाचून दाखवू नये.) वाईट अर्थाने नव्हे हो. त्यांचं म्हणणं असं की आवाज गोड आहे, कधी चिडत नाही, आपण ऐकलं नाही तरी कपाळाला आठी पडत नाही, फक्त तेच वाक्य पुन्हा म्हणते आणि शेवटी आपल्याला तिचंच ऐकावं लागतं. शिवाय ती तुमच्या घरून आली आहे.

आता शिकवण्याबद्दल. दादा, माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे, पण त्यातली खोच ठाऊक नसेल. शिकवणीच्या गाडीला जायचं कुठेच नसतं. शाळेच्या मैदानापासून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि मैदानाशी परत. उभा जन्म मी हेच करतोय. टाकीच्या पलीकडे शहर आहे असं ऐकून आहे. त्यामुळे कोणी रस्ता विचारला की मी विषय बदलतो. आणि शिकणाऱ्यांना माझा पहिला नियम असा असतो की, सांगितलं की वळायचं, कुठे आणि कशाला हे नंतर. कारण प्रश्न विचारताना माणूस शिक्षकाकडे बघतो आणि समोरून टेम्पो येत असतो. आईंकडूनही मी हाच नियम घोकून घेतला. या वयात दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाल्या. (पहिल्या खेपेला त्यांनी परीक्षकाला पट्टा लावा म्हणून दटावलं होतं. त्याचे गुण मिळत नाहीत.) विद्यार्थिनी म्हणून अव्वल. सांगितलं की वळतात.

नेमकं तेच नडलं.

यंत्रात एक छोट्या घराचं चित्र आहे. ते दाबलं की घरी जायचा रस्ता दाखवायचा, अशी सोय. आई एकट्या शिंपिणीकडे गेल्या होत्या, ब्लाऊज आणायला. परत निघताना त्यांनी घराचं चित्र दाबलं. कोणीही दाबेल. सूनबाई म्हणाली उजवीकडे, आई उजवीकडे वळल्या. सूनबाई म्हणाली महामार्गाला लागा, आई लागल्या. ओळखीची दुकानं संपली, शेतं आली, जकात नाका आला. आईंनी वाद घातला नाही, कारण जावयाने तसं शिकवलं होतं. पेट्रोलचा काटा खाली आला तेव्हा त्यांनी एका पंपावर गाडी घेतली आणि मला फोन करून विचारलं, जावईबापू, आपलं घर एवढं लांब कधी गेलं?

मी दोन बस बदलून तिथे पोहोचलो. आई पंपावरच्या बाकावर बसून चहा पीत होत्या. पंपवाल्याला ब्लाऊजची बाही दाखवून शिंपिणीने कशी वाट लावली ते सांगत होत्या आणि तो बिचारा मान डोलवत होता. मी पडद्यावर पाहिलं. यंत्राच्या मते अजून बरंच जायचं होतं, आणि शेवटी जो ठिपका होता तो तुमच्या इमारतीचा. गाडी तुमची होती तेव्हा घर म्हणून तुम्ही तुमचाच पत्ता घातला असणार. साहजिक आहे. तसाच राहिला. मी आईंना समजावून सांगितलं की हे यंत्र आपल्याला दादांकडे नेत होतं. त्यांनी कप खाली ठेवला. ब्लाऊजची घडी घातली.

परतताना सूनबाई वाटेत एकसारखी म्हणत होती, वळा, मागे फिरा, शक्य असेल तिथे मागे फिरा. मी बंद करायला हात पुढे केला, तर आई म्हणाल्या,

“राहू द्या हो. एवढ्या आग्रहाने कोण बोलावतंय हल्ली?”

मी हात मागे घेतला आणि पायपुसणं दाबलं.

दादा, माझा स्वभाव भानगडीत पडायचा नाही. आई तिकडे यायचं म्हणाल्या तेव्हा तुमच्याकडे आधी रंगकाम निघालं होतं, मग भाचीची परीक्षा, मग पाहुण्यांच्या खोलीत ओल आली, हे सगळं मी खरंच मानतो. ओल काही सांगून येत नाही. पण इकडची परिस्थिती अशी की आता आई भाजीला जायला गाडी काढतात तरी सूनबाई आधी तुमच्या घराचं अंतर सांगते, आणि आई तिला रोज कारणं सांगतात. आज नको ग, तिकडे रंग चाललाय. आज नको, मुलीची परीक्षा आहे. तुमच्या बहिणीने एकदा मागच्या सीटवरून हे ऐकलं. घरी येऊन तिने भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

म्हणून मी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. म्हटलं, हा घराचा पत्ता बदलून इथला घाला. तो म्हणाला, मालकाने कुलूप लावलंय, चार आकडी नंबर लागेल. तुमची जन्मतारीख घालून पाहिली, वहिनींची पाहिली, तुमच्या लग्नाची तारीख पाहिली. तीनदा चुकलं की यंत्र एक दिवस रुसतं. दुसऱ्या दिवशी भाचीची पाहिली, सासऱ्यांची पाहिली. आई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, माझी घालून बघा. घातली. लागली नाही. गॅरेजवाला यंत्राला शिव्या देऊ लागला. आई म्हणाल्या, अहो, एवढं काय, लक्षात ठेवायला कठीणच आहे माझी. मग त्यांनी त्याला टायरमधल्या हवेचं विचारलं.

तर दादा, विनंती एवढीच की तो चार आकडी नंबर कळवावा, म्हणजे घराचा पत्ता बदलता येईल, सूनबाई गप्प होईल आणि सगळ्यांच्याच मागची कटकट जाईल. तुमचा वेळ घेतला. प्रकृतीला जपा, मानेखाली उशी पातळ घ्या.

तुमचा,
मेहुणा

ता. क. वरचं पत्र लिहून टेबलावर ठेवलं होतं, ते आईंनी वाचलं. (चष्मा शोधत होत्या म्हणे. चष्मा डोळ्यांवर होता.) नंबर मागवायचा नाही असं त्यांनी बजावलं आहे. पत्ता आहे तसाच राहील. तेव्हा नंबर पाठवू नये. वरची सगळी विनंती रद्द समजावी.

ता. क. दुसरं. सूनबाईबद्दलचा मजकूर वहिनींना वाचून दाखवायला हरकत नाही, असंही आई म्हणाल्या. उलट त्यांनी सांगायला सांगितलं आहे की मूळ सूनबाईचा आवाज याहून गोड आहे, फार दिवसांत ऐकला नाही.

ता. क. तिसरं, आणि हे नीट वाचावं. हे मी महामार्गावरच्या एका खानावळीत बसून लिहितोय. आज सकाळी भाजीला म्हणून निघालो. आईंनी घराचं चित्र दाबलं. सूनबाई म्हणाली उजवीकडे, मी माझ्या सवयीने म्हणालो डावीकडे. आईंनी माझ्याकडे न बघता, मी शिकवलं तस्संच, आधी इशारा देऊन, आरशात पाहून, गाडी उजवीकडे घेतली. मागे तुमची बहीण बसली होती. तिच्या पायाशी बॅग होती. म्हणजे भाजीचा बेत फक्त मलाच सांगितलेला होता.

गाडी आईच चालवताहेत. मला द्यायला तयार नाहीत. माझी पोटरी संपली आहे. जेवण आलंय, तेवढ्यात तुमची बहीण या कागदांचे फोटो काढून तुम्हाला पाठवते आहे. यंत्राच्या हिशेबाने आम्ही दिवेलागणीला पोहोचू, पण यंत्राला पूल माहीत नसतात, तेव्हा थोडं मागेपुढे.

आता खरी विनंती. तुमच्या इमारतीचं फाटक मागच्या गल्लीत गेल्याचं तुम्हीच एकदा सांगितलं होतं. यंत्राला ते ठाऊक असणार नाही. ते आम्हाला जुन्या फाटकाच्या बंद दारापुढे नेऊन उभं करील, आपण पोहोचला आहात म्हणेल आणि गप्प बसेल. त्याचं काम तिथे संपतं. तेव्हा तुम्ही स्वतः त्या बंद फाटकाशी येऊन थांबा. वॉचमनला पाठवू नका. आईंना कोणीतरी हाताने खूण करून पुढचं वळण दाखवलं पाहिजे. सांगितलं की त्या वळतात.

ओल असेल तर असू दे. गाद्या आम्ही बाहेरच्या खोलीत टाकू.

आणि तुमची नवी गाडी जरा बाजूला घेऊन ठेवा, आईंना सरळ आत शिरता येईल एवढी जागा करा. गाडी मागे घेणं त्यांना अजून जमत नाही.