आ कर, दादा

प्रिय दादा,

चौदा महिन्यांनी माझं अक्षर बघून पाकीट बाजूला टाकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, शेवटपर्यंत वाच. रागावून लिहीत नाहीये असं म्हणणार होते, पण ते खोटं झालं असतं. थोडी रागावलेली आहेच.

आधी खुशाली. मी बरी आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी होते आणि आतापर्यंत काही निघालेलं नाही. कामावर रोज जाते. तीच खोली, खिडकीखालचं तेच लांब टेबल, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांच्या जबड्यांचे साचे. वहिनी अधूनमधून फोन करतात. हल्ली तू जेवताना बोलत नाहीस, सगळं मऊच मागतोस, असं त्या मागच्या आठवड्यात म्हणाल्या.

माझ्या जिभेच्या कडेला जखम झाली तेव्हा मीही दीड महिना औषधाचं जेल चोपडत बसले होते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. रोज कवळ्या करणारी बाई मी, लोकांची तोंडं मला पाठ. तरी स्वतःच्या वेळी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. ज्या दंतवैद्य बाईंची मापं आमच्याकडे येतात, त्यांनी एकदा बोलता बोलता मला खुर्चीत बसवलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. तिथून पुढे सगळं भराभर झालं. मोठ्या दवाखान्यात जो तो विचारायचा, तंबाखू? नाही. दारू? नाही. मग कागदावर लिहिता लिहिता एकदा वर बघायचे, जणू मी काहीतरी लपवतेय. आत्यानं तर माझ्यादेखत शेजारच्या बाईला सांगितलं की काहीतरी खात असणार, त्याशिवाय का होतं.

आणि मग तू. ऑपरेशनचा तिसरा दिवस. जिभेचा तुकडा काढून तिथे हाताची कातडी लावलेली, नाकात नळी. खोलीत आणखी तिघे जण होते. तू पायथ्याशी उभा राहून म्हणालास, "जगाचे दात करतेस आणि स्वतःचं तोंड सांभाळता आलं नाही तुला?" मला बोलता येत नव्हतं. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, बाहेर जा. तू गेलास. दुसऱ्या दिवशी परत आलास, माफी न मागता तासभर नुसता बसून राहिलास. खरं सांगू, मला तेवढं पुरलं होतं.

बोलणं परत शिकणं हे त्याहून अवघड निघालं. लहानपणी तुम्ही मला टकळी म्हणायचात, तोंड मिटायचं नाही म्हणून. आता त्या टकळीला र जमेना आणि ळ तर औषधालाही उरला नाही. माझ्याच धंद्याचा शब्द मला म्हणता येईना. कवळी म्हणायला जावं आणि तोंडातून भलतंच काही यावं. मालक म्हणाले, "ताई, फोन दुसऱ्या कुणाला घेऊ दे, तू आतल्या खोलीत बस, गिऱ्हाइकांना कळत नाही." मी म्हटलं, कळेपर्यंत बोलीन. आतल्या खोलीत गेले नाही. अजूनही पहिला फोन मीच उचलते, आणि ज्याला घाई असेल त्यानं ठेवून द्यावा.

तोंडातल्या जंतूंचंही तुला नीट सांगायचं राहिलं. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी ऑपरेशनच्या आधीपासून माझ्या तोंडातले नमुने घेते. कधी थुंकी, कधी कापसाच्या काडीनं हिरडीची कड. मी तिला नमुनेवाली म्हणते. तिनं सांगितलं की सगळ्यांच्याच तोंडात शेकडो जातींचे जंतू असतात, राजाच्याही आणि रंकाच्याही, आणि त्यातले बरेचसे आपल्या उपयोगाचे असतात. पण तोंडाच्या, घशाच्या कर्करोगात हिरड्यांच्या फटीत राहणारे काही जंतू जास्त सापडतात. मी विचारलं, म्हणजे त्यांनीच केलं का हे? ती म्हणाली, तेच तर शोधतोय. पडक्या घरात चोर सापडला म्हणून घर त्यानंच पाडलं असं होत नाही, पण त्यानं एखादी भिंत पोखरली नसेल असंही म्हणता येत नाही. मला तिचं हे मोकळेपण आवडलं. माहीत नाही म्हणायला कमीपणा वाटला नाही तिला. बाकी सगळ्यांना माझं तोंड कशानं बिघडलं ते आधीच माहीत होतं.

तुलाही माहीत होतं. कुठेतरी जंतूंबद्दल अर्धवट वाचलंस आणि चौदा महिन्यांपूर्वी, तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला, माझी ताटली, माझा पेला वेगळा काढून खिडकीत ठेवलास. वहिनी खाली मान घालून उभ्या होत्या. मी तो पेला उचलला नाही. टेबलावरचा तुझा पेला घेतला, त्यातलं पाणी सगळ्यांसमोर घटाघट प्यायले, पोरीचा पापा घेतला आणि निघाले. नमुनेवालीला नंतर विचारलं. ती म्हणाली, पेल्यातून जंतू जाऊ शकतात, ते सर्दीवाल्याच्याही जातात, पण कर्करोग उष्ट्यातून लागत नाही. तुला हे तेव्हाच कळवू शकले असते. कळवलं नाही. मला वाटलं, भिऊ दे. हा माझा हट्ट, आणि त्याची मला लाज वाटत नाही, पण आता तो पुरे.

पुरे एवढ्यासाठी की परवा वहिनींचं पार्सल आलं. त्यात तुझी कवळी होती, सहा वर्षांपूर्वी मीच केलेली. चिठ्ठीत होतं, चार महिने टोचतेय म्हणतात, कुठेही दे पण तिच्याकडे नको म्हणाले, तरी तुम्हालाच पाठवतेय. मी ती दिव्याखाली धरली. खालच्या बाजूची डावी कड तू घरच्या कानशीनं घासली आहेस, एकदा नव्हे, अनेकदा. मी तुझा जुना साचा फळीवरून काढला आणि कवळी त्यावर बसवून बघितली. दादा, त्या जागेला कवळी आता पोचतच नाही. मधून आगकाडी सहज जाते. जी पोचत नाही ती टोचेल कशी? तिथे दुसरं काहीतरी आहे, तुला ते माहीत आहे, आणि दवाखान्यात मला बोललेलं वाक्य आता आपल्याला कुणीतरी ऐकवील म्हणून तू तोंड मिटून बसला आहेस. मी ऐकवणार नाही, आणि माझ्यादेखत दुसऱ्या कुणाला ऐकवू देणार नाही. साधी जखमही असेल. पण तीन आठवड्यांत न भरणारी जखम दाखवायचीच असते. कवळी मी दुरुस्त करणार नाही, परतही पाठवणार नाही. दंतवैद्य बाईंकडे शुक्रवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. नऊला मी तुझ्या दारात येते. दार उघडलंस तर ठीक. नाही उघडलंस तर बाहेरून "आ कर, दादा" म्हणून हाका मारीन, आणि माझं बोलणं लोकांना एका खेपेत कळत नाही, त्यामुळे सगळ्या गल्लीला समजेपर्यंत ओरडत राहावं लागेल. माझी काही हरकत नाही.

न विचारता येणारी, तुझीच
टकळी