उमेळ्याचं बुजवलेलं बावखल

३ डिसेंबर
उमेळ्यात पोचलो. ग्लोरियामावशींच्या वाडीतली खोली झकास आहे. खिडकीशी केळी, नाश्त्याला पाव आणि सुक्या बोंबलाची चटणी. आम्ही साताऱ्याकडचे, मासळीशी छत्तीसचा आकडा, तरी दोनदा मागून घेतली. काम दांडगं आहे: एकशे साठ टनांचा ट्रान्सफॉर्मर दलदलीतून नव्या वीजकेंद्रात नेऊन बसवायचा. कंपनीने प्रथमच सगळं माझ्यावर सोपवलंय. वाटेत एक बुजवलेलं बावखल आहे, म्हणजे वाडीला पाणी देणारं जुनं तळं. मावशी म्हणाल्या, बावखल बुजवलं तरी पानी नाय बुजत, बाबा. मी हसलो. वर लोखंडी प्लेटा अंथरल्या की झालं.

७ डिसेंबर
गावातलाच लेस्ली कामाला मिळाला. ट्रेलरच्या बाजूने चालायचं आणि चाक कललं की खाली लाकडी गुटका सारायचा. भारी थट्टेखोर गडी. माझं पोट बघून म्हणाला, साहेब, तुमच्यासाठीही एक गुटका ठेवतो. त्याची बायको विनी डबा आणते, मलाही आग्रहाने वाढते.

११ डिसेंबर
ट्रान्सफॉर्मर जागेवर बसला. सगळ्यांनी पाठ थोपटली. मला जेवण गेलं नाही.
बावखलावर प्लेट सरकली. गुटका लावायला वाकलेला लेस्ली कमरेपर्यंत चिखलात गेला. त्याने मला हाक मारली. बाकीचे पलीकडच्या अंगाला होते. थांबलो असतो तर ट्रेलर तिथेच रुतला असता, माझी नोकरीही. मी पुढे घ्यायची खूण केली. लेस्ली चिखलात दिसेनासा झाला, मग तिथे मुरूम टाकून घेतला. लेस्ली भांडून निघून गेला, असं सगळ्यांना सांगितलं.

१२ डिसेंबर
विनी विचारायला आली. म्हणालो, त्याला गुजरातेत काम मिळालंय. ती वळली आणि माझ्याखालची खुर्ची मोडली.

१३ डिसेंबर
ती पुन्हा आली. पुन्हा तेच सांगितलं. खाटेचे पाय फरशीत रुतलेत. रिक्षावाल्याने अर्ध्या वाटेत उतरवलं, म्हणाला, गाडी बसतेय. घासभरही खात नाही मी, तरी जड होतोय.

१५ डिसेंबर
आजही खोटं बोललो. नीच आहे मी. पावलागणिक फरशी तडकते — मावशी लांबूनच बघतात —

१६ डिसेंबर
विनीला खरं सांगायला निघालो. वाट बावखलावरूनच —
कमरेपर्यंत आत आहे. वही प्लेटेवर. ओरडलो, तर तीच धावत आली —
पालथी पडून हात पुढे करतेय. म्हणतेय, धरा साहेब.
अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर हात मागे घेईल. न सांगता धरला, तर माझ्या वजनाने तीही —
ठाऊक आहे मला. तरी पेन टाकून मी तिचा