अडथळा क्रमांक चौदा

ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्राला कारण बाबा. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. पण तुझ्या खात्याने काल त्यांच्या पाठीवर लाल रंगाची फुली मारली आणि खाली १४ हा आकडा घातला.

विजेची मोठी लाइन आपल्या परसातून जाणार, तिच्याखालचा पट्टा मोकळा करायचा, हे तुला मी काय सांगू? तू त्याच कामाचा मुकादम. मोजणीवाला पंधरा दिवसांपूर्वी आला तेव्हा बाबा परसात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. काल पुन्हा आला, तेव्हाही तिथेच. नियम म्हणे असा, की दोन्ही मोजण्यांत जे जागचं हललं नाही तो कायमचा अडथळा. मी म्हटलं, अहो, हे माझे वडील आहेत. तो म्हणाला, यादीत तसा रकाना नाही. माणूस सज्जन, रंग गार लागेल म्हणून त्याने बाबांची आधी माफी मागितली.

आज नोटीस आली. १३ शेजारणीचं खुराडं, १४ वडील (एक, लाकडी खुर्चीसह), १५ कपडे वाळत घालायचा खांब. पंचवीस तारखेपर्यंत हटवावे. आणि खाली सही तुझी! अरे, जन्मदात्याला हटवताना निदान वाचून तरी सही करावी!

बाकी क्षेम. माया आहे तशी राहू दे, यादीत काही का असेना.

तुझी,
ताई

मुक्काम तंबू, ता. ७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी माणसांना जेवायला सोडलं आणि मग दोन्ही केलं. रोज चाळीस याद्यांवर सह्या करतो गं. ‘वडील’ हा शब्द नजरेखालून गेलाही असेल, पण ते माझेच असतील असं काही वाटलं नाही.

साहेबांना म्हटलं, चूक झाली, तेवढं खोडा. ते म्हणाले, छापील यादीत खाडाखोड चालत नाही, हटवल्याचा दाखलाच जोडावा लागतो. वर विचारलं, थोडी छाटणी करून भागेल का. मी नाही म्हटलं.

पंचवीसला पट्टा मोकळा नसेल तर माझी मुकादमी गेलीच समज. तेव्हा बाबांना दहा पावलं अलीकडे, ओट्यावर बसव. लाडीगोडी लाव, पेपर लपव, काहीही कर. चार वर्षं आलो नाही म्हणून रुसले असतील तर सांग, रजेचे अकरा अर्ज केले, अकराही नामंजूर झाले.

राग नसावा, असलाच तर अर्धा साहेबांवर असावा.

तुझा,
धाकटा

ता. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पेपर लपवला, तर नोटीसच वाचत बसले, तीही मोठ्याने. चाळीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. निवृत्तीनंतर नावाने आलेला हा पहिला कागद. फुलीचा सदरा धुवायला देत नाहीत, पुरावा नष्ट होईल म्हणे. परवा तुझी माणसं आली. खुराडं उचललं, खांब उपटला आणि बाबांच्या भोवतीने झाडत पुढे गेली. शेजारीण येऊन गेली. खुराडं तिचं गेलं, पण सांत्वन माझं करत होती.

शेवटी वैतागून विचारलं, पोराच्या पोटावर पाय का देताय. तर म्हणाले, कलम नऊ वाच. चौदा इंचांहून जास्त घेराचा अडथळा मुकादमाने स्वतः हजर राहून हटवावा. लगेच टेप मागवून पोट मोजून घेतलं, छत्तीस भरलं. म्हणाले, मी आपण होऊन उठलो तर तो दाखला तिथूनच पाठवेल. हटवायचं तर त्याला यावं लागेल. मग नोटीस तोंडापुढे धरली. रडत होते रे. मला फार वाईट वाटलं.

सांभाळून राहा, आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. सदर अडथळा जागेवर असून सुस्थितीत आहे. कळावे. — क्र. १४

मुक्काम तंबू, ता. १८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांना कलम नऊ दाखवलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि ज्या पेनाने अकरा अर्ज नामंजूर केले त्याच पेनाने लिहिलं, ‘तातडीचे. मुकादमाने समक्ष जावे.’ वर जीप दिली. आईशप्पथ ताई, बापाला भेटायला रजा नाही, बापाला हटवायला जीप!

आता घोळ एवढाच, की बावीसला मोजणीवाला एक फेरी मारणार. खुर्ची रिकामी दिसली तर अडथळा आपोआप गेला अशी नोंद होईल आणि माझी जीप रद्द. तेव्हा माझं मागचं पत्र फाडून टाक. बाबांना काही झालं तरी उठू देऊ नकोस. जेवण तिथे, दाढी तिथे. ऊन झालं तर छत्री धर. शिंक आली तरी बसूनच शिंकू दे.

तेवीसला सकाळी पोचतो. हटवल्याची वेळ दाखल्यावर मुकादमानेच घालायची असते, ती मी आताच घालून ठेवली आहे. पंचवीस तारीख, सूर्यास्त. बाबांना म्हणावं, तोवर शेजारी माझीही खुर्ची टाकून ठेवा.

भेटीअंती बोलूच, लोभ तिथेच मोजून घे.

तुझा,
धाकटा